रेडिओच्या पाठीमागच्या खोबण्या

गिरगावातल्या आमच्या घरी फिलिप्सचा पाच व्हॉल्व्हचा रेडिओ होता. त्याच्या पाठीमागे, भोकाभोकांच्या पुठ्ठ्याच्या खालच्या कडेला दोन खोबण्या होत्या आणि त्यांच्याशेजारी तबकडीचं छोटंसं चित्र. रेकॉर्ड प्लेअर जोडायची ती जागा. आमच्याकडे प्लेअर नव्हता, त्यामुळे माझ्या आठवणीत त्या खोबण्यांत धुळीशिवाय काही गेलेलं नव्हतं. १९७५ च्या पावसाळ्यात त्यांत पहिल्यांदा वायर घातली गेली, ती गिटारची.

नाना, म्हणजे माझे वडील, रेडिओ दुरुस्त करायचे. जिन्याखालची जागा, एक बाकडं, एक मीटर, डाग द्यायची कावी. लॅमिंग्टन रोड तिथून चालत दहा मिनिटांवर, त्यामुळे कंडेन्सर नि व्हॉल्व्ह आणायला मलाच पिटाळायचे. खोताच्या वाडीत राहणारे एक गोवेकर गिटारवादक नानांकडे आपला अ‍ॅम्प्लिफायर घेऊन यायचे. ते सिनेमाच्या गाण्यांत वाजवत. ताडदेवचं फिल्म सेंटर आणि वांद्र्याचा मेहबूब स्टुडिओ ही नावं मी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ऐकली. त्या दिवशी त्यांचा अ‍ॅम्प्लिफायर बाकड्यावर उघडा पडला होता आणि गिटारच्या पिकअपमध्येच, म्हणजे तारांचं कंपन विजेत बदलणाऱ्या भागातच, काही बिघाड आहे का, ते त्यांना तपासायचं होतं. नाना मला म्हणाले, "वरचा सेट खाली आण."

जोडण्याआधी त्यांनी रेडिओचे व्हॉल्व्ह एकेक करून वाचले. ईसीएच ८१, ईएफ ८९, ईबीसी ८१, ईएल ८४, ईझेड ८०. सगळी नावं 'ई'नं सुरू होतात, म्हणजे आत ट्रान्सफॉर्मर आहे आणि चासी विजेच्या लाइनपासून सुटी आहे. 'यू'नं सुरू होणारे व्हॉल्व्ह असते तर त्यांनी वायर खिशात ठेवली असती. ते एसी-डीसी सेट. जिथे डीसी वीज यायची तिथेही चालावेत म्हणून त्यांत ट्रान्सफॉर्मर घालत नसत, आणि चासी सरळ मेन्सच्या एका तारेला जोडलेली असे. अशा सेटला गिटार लावली तर वादकाच्या बोटांखालच्या पोलादी तारांत २३० व्होल्ट उतरू शकतात. नानांनी मला शिकवलेली ही पहिली गोष्ट. दुसरी अशी, की चालू सेटमध्ये हात घालताना दुसरा हात खिशात ठेवायचा.

आवाज आला, पण दुसऱ्या खोलीतून यावा तसा. कारण साधं होतं. त्या खोबण्या रेकॉर्ड प्लेअरच्या क्रिस्टल पिकअपसाठी होत्या, आणि क्रिस्टल पिकअप अर्धा व्होल्ट सहज देतो. गिटारच्या पिकअपकडून एक दशांश व्होल्ट मिळाला तरी पुष्कळ. मधे काहीतरी हवं होतं. नानांनी संध्याकाळपर्यंत बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात एक ईसीसी ८३ बसवला. डबा पत्र्याचा, म्हणजे बाहेरची घरघर आत यायला नको.

ईसीसी ८३ हे नाव वाचता आलं की व्हॉल्व्ह कळतो. ई म्हणजे फिलामेंटला ६.३ व्होल्ट, सी म्हणजे ट्रायोड, दोनदा सी म्हणजे एकाच काचेत दोन ट्रायोड, आणि आठाचा आकडा म्हणजे नऊ पिनांचा बेस. अमेरिकेत त्यालाच १२एएक्स७ म्हणतात. आरसीए कंपनीनं १९४७ साली तो बाजारात आणला. त्याचा वर्धनांक १००. प्लेटला एक लाख ओहमचा रेझिस्टन्स आणि कॅथोडला दीड हजाराचा लावला, की प्रत्यक्षात सिग्नल पन्नास-साठ पट होतो. म्हणजे एक दशांश व्होल्ट आत घातला तर पाच-सहा व्होल्ट बाहेर. नानांनी पुढे पॉट लावून तो हवा तेवढा कमी केला, आणि गोवेकरांची गिटार आमच्या रेडिओतून अशी बोलली की जिन्यावर माणसं थांबली.

त्या डब्याला प्रीअ‍ॅम्प म्हणतात हे मला फार नंतर कळलं.

दोन वर्षांपूर्वी माझा पुतण्या असाच एक डबा घेऊन आला. त्याचा डबा देखणा, बाहेरून मागवलेला, पण आत दोन ईसीसी ८३च. सोबत रेकॉर्डिंगचा इंटरफेस, म्हणजे एका बाजूनं आवाज घेऊन दुसऱ्या बाजूनं लॅपटॉपला आकडे देणारी पेटी. त्यानं दोन्ही जोडली होती. "काका, ऐका जरा. पत्र्याच्या छपराखाली गांधीलमाश्या घोंगावल्यासारखं का वाटतंय?"

त्याला उत्तर देताना मला इतिहासात शिरावं लागलं. गिटारची तार थेट रेकॉर्डिंगच्या यंत्रात घालण्याची खटपट ऐंशीएक वर्षं चाललेली आहे. मला त्या इतिहासात पुनःपुन्हा एकच दिसतं. कुणीतरी मधला स्पीकर काढून टाकतो, आणि तो गेल्यावर त्याला समजतं की स्पीकर काय करत होता.

सुरुवात रेडिओपासूनच होते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधला गिटारवादक लेस पॉल पोरवयात आईच्या रेडिओला अ‍ॅम्प्लिफायर बनवून रस्त्याकडेच्या खाणावळीबाहेर वाजवत असे. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमचा जिना आठवला. पुढे याच लेस पॉलनं गिटार सरळ यंत्राला जोडून, एकावर एक थर चढवून रेकॉर्ड केलं. १९५१ चं 'हाऊ हाय द मून' असंच तयार झालं. त्याला स्वच्छ आवाज हवा होता आणि सरळ तारेतून तो मिळतो. त्याच्या गिटारचे पिकअपही कमी इंपीडन्सचे, लांब वायरीतही तेज न गमावणारे. ज्याला स्वच्छ घंटेसारखा स्वर हवा त्याला स्पीकर वगळून चालतं, हे त्यानं तेव्हाच दाखवलं होतं.

दुसरा माणूस लिओ फेंडर. कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावात त्यानं १९३८ साली रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं. वादक आपले अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीला आणायचे, आणि ते उघडता उघडता तो स्वतः बनवू लागला. त्यामुळे गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे पुढची अर्धी बाजू कापलेला रेडिओ आहे, असं मी पुतण्याला सांगितलं, आणि ते शब्दशः खरं आहे. रेडिओतून स्टेशन पकडायचा भाग काढून टाका. उरतो सिग्नल वाढवणारा छोटा व्हॉल्व्ह, त्यापुढे स्पीकर ढकलणारा मोठा व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर. आमच्या रेडिओतला ईएल ८४ आणि इंग्लंडच्या नावाजलेल्या व्हॉक्स अ‍ॅम्प्लिफायरमधला ईएल ८४ एकच. फेंडरच्या बासमन अ‍ॅम्प्लिफायरवरून लंडनच्या हॅनवेल भागातल्या जिम मार्शलच्या दुकानात १९६२ च्या सुमारास मार्शलचा पहिला अ‍ॅम्प्लिफायर तयार झाला. आराखडा जवळजवळ तोच ठेवून पहिल्या जागी जास्त वर्धनाचा ईसीसी ८३ घातला, आणि खाली बंद पेटीत बारा इंची चार स्पीकर. एवढ्या फरकानं पुढच्या साठ वर्षांचा आवाज ठरला.

या स्पीकरांबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण गांधीलमाश्यांचं उत्तर तिथे आहे. घरच्या म्युझिक सिस्टिममध्ये बारीक आवाजासाठी वेगळा छोटा स्पीकर असतो. गिटारच्या पेटीत तो नसतो. सेलेस्टियन कंपनीचा बारा इंची गिटार स्पीकर साधारण ७५ ते ५००० हर्ट्झपर्यंत बोलतो आणि त्यावर झपाट्यानं गप्प होतो. सुरुवातीला हा दोषच होता. कागदाचा मोठा पडदा त्याहून जलद हलू शकत नाही. पण व्हॉल्व्ह जास्त चेपला, म्हणजे त्याला झेपेल त्याहून मोठा सिग्नल दिला, की तो तरंगाचे माथे कापतो, आणि त्या कापलेल्या कडांतून दहा-पंधरा हजार हर्ट्झपर्यंतचे उपस्वर उडतात. स्पीकर ते गिळून टाकतो. आपल्या कानाला जो भरदार, किंचित खरबरीत आवाज गोड लागतो तो व्हॉल्व्ह आणि कागद या दोघांनी मिळून केलेला असतो. पुतण्यानं कागद काढून टाकला होता आणि व्हॉल्व्हनं उडवलेला सगळा चुरा लॅपटॉपमध्ये भरला होता.

डेट्रॉइटमधल्या मोटाउन कंपनीला हा प्रश्न आला नाही, कारण तिथे व्हॉल्व्ह चेपतच नव्हते. बेरी गॉर्डीनं १९५९ मध्ये वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरचं एक राहतं घर घेऊन मागच्या भागात स्टुडिओ केला. जागा एवढी लहान की छतावरून लोंबणाऱ्या वायरींमुळे वादक तिला सापांचा खड्डा म्हणत. गिटारवाले आणि बासवादक जेम्स जेमरसन आपल्या तारा थेट कन्सोलला, म्हणजे स्टुडिओच्या मिक्सरला, जोडत आणि खोलीतल्या एका स्पीकरवर स्वतःला ऐकत. ड्रमच्या माइकमध्ये गिटार घुसत नसे. १९६४ च्या 'माय गर्ल' गाण्याची सुरुवात ऐका. आधी बास, मग रॉबर्ट व्हाइटची चढत जाणारी गिटार. प्रत्येक स्वर पाण्यातल्या खड्यासारखा वेगळा दिसतो.

आमच्या गोवेकरांचा अनुभव नेमका उलटा. हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला तेव्हा गायकासह सगळे वादक एका हॉलमध्ये, एकाच वेळी. चाळीस-पन्नास व्हायोलिनं, ढोलक, मागे कुठेतरी गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर आणि त्यापुढे माइक. ते सांगायचे, आवाज एवढा हळू ठेवावा लागतो की व्हॉल्व्ह तापायच्या आत गाणं संपतं. मोठा केला तर व्हायोलिनच्या माइकमध्ये जातो, आणि एकाची चूक झाली की सगळ्यांना पुन्हा वाजवावं लागतं. १९७१ च्या 'दम मारो दम'मधली भूपिंदर सिंग यांची गिटार ते मला आवर्जून ऐकवत. अशा जागी बसून असा आवाज काढणं किती कठीण आहे, हे त्यांना मला समजावून द्यायचं होतं. मी अजूनही ते गाणं लागलं की काम थांबवतो.

व्हॉल्व्हच्या प्रीअ‍ॅम्पमधून थेट रेकॉर्डिंग, आणि तेही मुद्दाम चेपून, याचं सगळ्यात धाडसी उदाहरण लंडनचं. आमच्या तबकड्यांवर कुत्रा आणि कर्णा असायचा, त्या एचएमव्हीच्या मूळ कंपनीचे, ईएमआयचे अ‍ॅबे रोडवरचे स्टुडिओ. तिथे बास थेट कन्सोलमध्ये घ्यायची सोय बीटल्सच्या १९६७ च्या 'सार्जंट पेपर' अल्बमपर्यंत झालेली होती. पुढच्या वर्षी, जुलै १९६८ मध्ये, बीटल्सनी 'रिव्होल्यूशन'चं वेगवान रूप रेकॉर्ड केलं. जॉन लेननला गिटार घाणेरडी, फाटकी हवी होती. जेफ एमरिक या ध्वनियंत्रकानं अ‍ॅम्प्लिफायर बाजूला ठेवला, गिटार सरळ कन्सोलमध्ये घातली आणि एका प्रीअ‍ॅम्पमधून निघालेला सिग्नल दुसऱ्यात घालून दोन्ही मर्यादेपलीकडे नेले. कन्सोल ईएमआयनं स्वतः बनवलेला, रेड म्हणून ओळखला जाणारा, आणि त्याच्या प्रीअ‍ॅम्पमध्ये ईएफ ८६ आणि ई८८सीसी हे व्हॉल्व्ह. कन्सोल तापून बंद पडेल अशी एमरिकला भीती होती. काही ग्राहकांना तर तबकडीच खराब आहे असं वाटलं होतं. ते गाणं ऐकून पुतण्या म्हणाला, "काका, यात माझ्याच माश्या आहेत की!" बरोबर. फरक इतकाच की लेननला त्या हव्या होत्या. १९६९ चा 'अ‍ॅबे रोड' अल्बम आला तो ट्रान्झिस्टरच्या नव्या कन्सोलवरून, जास्त मऊ आवाजात. 'रिव्होल्यूशन' ही व्हॉल्व्हच्या कन्सोलनं जाता जाता दिलेली आरोळी होती, असं मला ते ऐकताना वाटतं.

नंतर व्हॉल्व्ह सगळीकडूनच निघाले. बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स ही १९५४ साली स्थापन झालेली सरकारी कंपनी साठच्या दशकापासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवत होती. नानांच्या कपाटात तिची खोकी थप्पीनं असायची. ऐंशीच्या दशकात मीच ती किलोच्या भावानं घ्यायला आलेल्या माणसाला देऊन टाकली. आज त्यातला एकेक ईएल ८४ परदेशातले गिटारवाले शोधत फिरतात. मला त्या दिवसाचं मनापासून वाईट वाटतं. पैशासाठी नव्हे. नानांनी प्रत्येक खोक्यावर पेन्सिलीनं तपासल्याची तारीख घातली होती.

जगात व्हॉल्व्हचे मोजके कारखाने तगले. रशियातलं सारातोव्ह, स्लोव्हाकियातलं चाद्त्सा, चीन. त्यांची भट्टी पेटती ठेवण्यात गिटारवाल्यांचा वाटा फार मोठा. त्याच काळात प्रीअ‍ॅम्प हा अ‍ॅम्प्लिफायरमधून सुटून स्वतंत्र पेटी झाला. अ‍ॅलेम्बिक कंपनीनं फेंडरच्या अ‍ॅम्प्लिफायरचा फक्त पुढचा भाग उचलून पेटीत घातला होता. १९८७ च्या एडीए एमपी-१ मध्ये दोन १२एएक्स७ आणि सेटिंग लक्षात ठेवणारा मेंदू एकत्र आले. पण थेट कन्सोलला जोडलं की पुन्हा त्या माश्या. यावर आधीच विचार केलेला माणूस टॉम शोल्झ. एमआयटीत शिकलेला, पोलरॉइड कंपनीत इंजिनिअर, आणि बॉस्टन या बँडचा कर्ता. त्याच्या १९८२ च्या रॉकमन या कमरेला लावायच्या खोक्यात व्हॉल्व्ह नव्हताच, पण स्पीकरची नक्कल करणारी फिल्टरं होती. त्यानं हरवलेला कागद परत आणला. डेफ लेपर्ड या बँडच्या १९८७ च्या 'हिस्टेरिया' अल्बमवर तेच खोकं वाजतं. मार्शलनं १९९२ च्या जेएमपी-१ ला तर पाठीमागे दोन प्रकारची तोंडं दिली, एक साधं आणि एक स्पीकरची नक्कल केलेलं.

पुतण्याच्या डब्याला तसं तोंड नव्हतं. आम्ही जोडणी पहिल्यापासून केली. त्यानं वायर इंटरफेसच्या गिटारच्या तोंडात घातली होती. ते दहा लाख ओहमचं तोंड नाजूक पिकअपसाठी असतं. व्हॉल्व्हमधून आलेले काही व्होल्ट तिथे गेले की आकड्यांचं छतच लागतं, आणि त्या छतावर आपटलेला आवाज व्हॉल्व्हसारखा वाकत नाही, सरळ तुटतो. वायर लाइनच्या तोंडात घातली, इंटरफेसचा गेन पार खाली आणला, आणि पातळी छताच्या बारा-पंधरा डेसिबल खाली ठेवली. फॅन्टम पॉवरचे ४८ व्होल्ट बंद. लॅपटॉपचा चार्जर काढला तशी घरघर निम्मी झाली. दोन ठिकाणांहून अर्थिंग आलं की मधल्या वायरीत वेटोळं तयार होतं आणि पन्नास हर्ट्झचा हम घुसतो. उरलेल्यासाठी मधे एकास एक ट्रान्सफॉर्मर घातला. नानांनी 'ई'ची नावं वाचून ज्याची खात्री केली होती, तोच सुटेपणा इथे पुन्हा लागला.

आणखी एक सवय त्याला लावली. आधी डबा चालू करायचा, व्हॉल्व्ह मिनिटभर तापू द्यायचा, मग वायर लावायची. प्लेटवर अडीचशे व्होल्ट असतात आणि ते बाहेर न येऊ देणारा फक्त एक कंडेन्सर मधे उभा असतो. सुरू होताना तो भरतो तेव्हा एक धक्का बाहेर जातोच. अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरची वायर इंटरफेसमध्ये कधीही घालायची नाही, हे तर मी त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

मग स्पीकर. आज त्यासाठी इंपल्स रिस्पॉन्स वापरतात. विजापूरच्या गोलघुमटात टाळी वाजवली की घुमट तिला जे उत्तर देतो ते टिपून ठेवावं, आणि नंतर कुठलाही आवाज त्या उत्तरातून गाळून घ्यावा, म्हणजे तो घुमटात काढल्यासारखा होतो. स्पीकरचंही तसंच. पुतण्याकडे नामांकित पेट्यांच्या अशा शंभरेक फाइली होत्या. पहिली लावली आणि माश्या गेल्या.

मग मी माळ्यावरून नानांचा तो रेडिओ खाली काढला, त्याच्या स्पीकरची अशीच फाइल करायला. व्हॉल्व्ह कधीच गेलेले, पण स्पीकर मीटरवर धड दाखवत होता. त्याला छोट्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडलं, समोर माइक ठेवला आणि खालपासून वरपर्यंत चढत जाणारी शीळ त्यातून वाजवली. लॅपटॉपनं तिच्यातून फाइल काढली. सेकंदाचा पाचवा भाग, ९,६०० आकडे. पुतण्यानं त्याची आलेख-रेषा पडद्यावर आणली. सगळी रेषा उतरती, पण दोन हजार हर्ट्झच्या जरा पुढे एक टेंगूळ.

स्पीकरच्या कागदी पडद्याच्या डाव्या कडेला उंदरानं कुरतडलं होतं. नानांनी तिथे वहीचा कागद खळीनं चिकटवला होता, दोन थर. तेवढी जागा कडक झाली होती.

"हे टेंगूळ सपाट करू का काका?" पुतण्यानं विचारलं. मी नको म्हणालो. त्यानं फाइल तशीच ठेवली आणि गिटार उचलली.